आत्मनिंदेवर जामखेडचा उतारा

माणूस स्वतःला जे बोल लावतो, त्यांपैकी बरेचसे मुळात दुसऱ्या कोणाचे तरी असतात. घरात, शाळेत, पाणवठ्यावर आणि चारचौघांत लहानपणापासून जे ऐकवले गेले तेच मनात घर करून बसते आणि काही वर्षांनी ते आपलेच मत आहे असे वाटू लागते. ‘माझ्याच्याने काही व्हायचे नाही’, ‘आमच्यासारख्यांना हे कुठले जमायला’ ही वाक्ये या जातीची आहेत. या सवयीला आत्मनिंदा म्हणता येईल, आणि आत्मपरीक्षणापासून ती वेगळी काढणे आवश्यक आहे, कारण आत्मपरीक्षण एखाद्या कृतीचा हिशेब मांडते, तर आत्मनिंदा त्या कृतीवरून संपूर्ण माणसाचा निकाल लावून मोकळी होते. ‘आज दोन तास वाया गेले’ असे म्हणणाऱ्याला उद्या काहीतरी करता येते. ‘मी वाया गेलेला माणूस आहे’ असे म्हणणाऱ्यापुढे करण्यासारखे काही उरतच नाही. अशा माणसाला चार कौतुकाचे शब्द ऐकवले तर ते खोटे वाटतात आणि उपदेश केला तर निंदेत आणखी एका निंदेची भर पडते. त्याच्या मनातला निकाल फिरवतो तो पुरावा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या हातून पार पडलेले, लहान असले तरी खरेखुरे असे एखादे काम. हे ज्या ठिकाणी अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत आणि मोठ्या प्रमाणावर घडून आले, ते ठिकाण, म्हणजे जामखेड, अहिल्यानगर जिल्ह्यात आहे.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेल्या या जिल्ह्याचा उत्तर भाग प्रवरेच्या पाण्यावर आणि उसावर सुखावला, तर दक्षिणेकडचे तालुके पर्जन्यछायेत राहिले. बीडच्या सीमेला लागून असलेला जामखेड हा त्यांपैकी एक. ज्यांचे नाव आज जिल्ह्याला मिळाले आहे त्या अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात येते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 मध्ये जामखेडला आले आणि त्यांनी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट’, म्हणजे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प, सुरू केला. त्या काळी या परिसरात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे 176 बालके पहिला वाढदिवस पाहण्याआधीच दगावत होती. त्यांतील पुष्कळ मृत्यू हगवण, धनुर्वात आणि कुपोषण यांसारख्या टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात, हे डॉक्टरांना ठाऊक होते. मात्र टाळण्याचे काम दवाखान्यात नव्हे, घराघरांत करावे लागणार होते.

त्यासाठी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याचा विचार प्रथम झाला. परंतु शहरात शिकलेल्या मुली परक्या गावात एकट्या राहायला बिचकत होत्या आणि गावातल्या बायकाही त्यांच्याजवळ मन मोकळे करत नव्हत्या. तेव्हा गावाने आपल्यातीलच एक बाई निवडावी आणि तिलाच आरोग्याचे काम शिकवावे, असे ठरले. निवडून आलेल्या बायकांपैकी बहुतेक निरक्षर किंवा जेमतेम अक्षरओळख असलेल्या होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, काही विधवा तर काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. पुढे गावोगावच्या आरोग्यसेविका म्हणून ज्या ओळखल्या गेल्या, त्या सुरुवातीला अशा होत्या.

या बायकांची स्वतःविषयीची समजूत काय होती, हे नीट लक्षात घेतल्याशिवाय पुढच्या बदलाचे मोल कळणार नाही. नाव विचारले असता अमक्याची बायको, तमक्याची आई, अमुक गावची, अमुक जातीची अशी उत्तरे यायची. स्वतःचे नाव चारचौघांत घेण्याची सवयच कोणाला नव्हती. डॉक्टर एखादी गोष्ट समजावू लागताच ‘आम्हाला अडाण्यांना काय कळतंय’ म्हणून मान खाली घातली जात असे. ज्या समाजाने स्त्रीला उंबऱ्याच्या आत आणि दलिताला वेशीबाहेर ठेवले, त्या समाजाचे मत या बायकांनी स्वतःविषयीचे मत म्हणून स्वीकारले होते, आणि जी निंदा बाहेरून लादली गेली होती ती आता कोणी न बोलताही आतून चालू होती. डॉ. मेबल आरोळे यांनी हे ओळखले, म्हणून प्रशिक्षणात आरोग्याच्या माहितीइतकेच महत्त्व आत्मसन्मानाला दिले गेले आणि स्वतःचे नाव मोठ्याने सांगणे हाही अभ्यासाचाच भाग ठरला.

तरीही केवळ नाव उच्चारल्याने आत्मविश्वास येत नाही. जामखेडची खरी शिकवण प्रशिक्षणाच्या घडणीत आहे. बायकांना वर्ष-सहा महिने बसवून मग प्रमाणपत्र देऊन पाठवण्याऐवजी, दर आठवड्याला त्यांनी जामखेडला यायचे, एकत्र जेवायचे, एकत्र मुक्काम करायचा, मागच्या आठवड्यात गावात काय घडले ते सांगायचे, आधी शिकलेले पुन्हा उजळायचे आणि एखादी नवी गोष्ट शिकून परत जायचे, असा क्रम ठेवला गेला. शिकण्याचा घास लहान होता आणि तो लगेच वापरायचा होता; न जमलेली गोष्ट घेऊन परत यायलाही पुढच्या आठवड्यात जागा होती.

हगवणीचेच उदाहरण घेता येईल. लेकराला जुलाब लागले की त्याचे पाणी तोडण्याची समजूत अनेक घरांत होती, आणि लेकरू मरत होते ते मुख्यतः शरीरातले पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. यावरचा घरगुती उपाय असा की, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते पाणी लेकराला घोट-घोट, पुन्हा पुन्हा पाजत राहायचे. साखर सोबत असली की आतड्यातून मीठ शोषले जाते आणि मिठामागोमाग पाणीही शोषले जाते, म्हणून हे दोन्ही जिन्नस लागतात. हे शिकायला अक्षरे लागत नाहीत. माप लक्षात ठेवावे लागते आणि आईची समजूत घालावी लागते. पण ज्या बाईने हे पाणी स्वतःच्या हाताने कालवले, रात्रभर वाटीचमच्याने पाजले आणि खोल गेलेले डोळे वर आलेले, लेकराला पुन्हा लघवी झालेली पाहिली, तिला ‘तुला जमते’ असे निराळे सांगण्याची गरज उरत नाही. स्वच्छ हात, नवे पाते आणि उकळलेला दोरा वापरून केलेले बाळंतपण, महिन्याला केलेले लेकरांचे वजन, कातडीवरचा बधिर चट्टा वेळीच ओळखून दवाखान्यात पोहोचवलेला कुष्ठरोगी, या सगळ्या अशाच एकेक पायऱ्या होत्या.

या अनुभवाला शास्त्रीय भाषा त्याच दशकात मिळाली, हा योगायोग लक्षणीय आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये ‘सेल्फ-एफिकसी’ ही संकल्पना मांडली. मराठीत तिला स्वसामर्थ्याची जाणीव म्हणता येईल. एखादे विशिष्ट काम आपल्याला करता येईल हा विश्वास, असा तिचा अर्थ असून सर्वसाधारण आत्मप्रौढीशी तिचा संबंध नाही. हा विश्वास चार वाटांनी येतो, असे बँडुरा सांगतात: काम स्वतः यशस्वीपणे केल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था, म्हणजे छातीतली धडधड किंवा शांतपणा. या चारांत पहिली वाट सर्वांत भक्कम आणि नुसत्या शब्दांची वाट बरीच कच्ची, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जामखेडमध्ये पहिल्या वाटेला दुसरीची जोड मिळाली होती. आपल्याच सारखे लुगडे नेसलेली, आपल्याच सारखी कधी शाळेचे तोंड न पाहिलेली बाई आपण अवघड बाळंतपण कसे ओळखले ते सांगत आहे, हे ऐकणाऱ्या नव्या बाईवर जो परिणाम होतो तो डॉक्टरांच्या व्याख्यानाने होणे शक्य नव्हते.

जामखेड परिसरातील अर्भकमृत्यूंचे प्रमाण पुढील अडीच दशकांत दर हजारी तिसाच्या खाली आले. त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात जामखेडच्या कामाचा समावेश केला होता. 1978 च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा स्वीकारला गेला, त्यामागच्या विचारमंथनात अशा प्रयोगांचा वाटा होता. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या मानसन्मानांहून बोलकी घटना 1988 मधली आहे. त्या वर्षी वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेड प्रकल्पातील आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ यांनी भाषण केले आणि सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून, मोठे डॉक्टर झुंबरासारखे सुंदर पण महाग आणि दूर असतात, आपण मात्र साधी पणती आहोत, जी दुसरी पणती पेटवू शकते, अशा आशयाचे विवेचन केले. या बोलण्यात स्वतःला कमी लेखणे कुठेच नाही आणि फुगवून सांगणेही नाही. आपण काय करू शकतो आणि काय नाही याची अशी नेमकी जाण हीच आत्मनिंदेच्या विरुद्ध टोकाची अवस्था होय. स्वतःची स्तुती करत राहणे हे ते टोक नव्हे.

येथे एका गैरसमजाला वाव राहू नये. बायकांनी लहान पावले टाकली म्हणून सर्व काही आपोआप सुधारले, असे चित्र उभे केले तर तो इतिहासावर अन्याय ठरेल. प्रकल्पाच्या प्रयत्नांतून हातपंप दलित वस्त्यांत बसवले गेले आणि पाण्यासाठी उरलेल्या गावाला त्या वस्तीत यावे लागले; महिला मंडळे आणि शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली; 1972 च्या भीषण दुष्काळात अन्न आणि पाणी यांचा प्रश्न आरोग्याइतकाच हाती घेतला गेला. निंदेचा उगम बाहेर असेल तर बाहेरची व्यवस्थाही हलवावी लागते, अन्यथा स्वतःला सुधारण्याचा सल्ला हा पिचलेल्या माणसावर टाकलेला नवा बोजा होतो. बाजारात मिळणाऱ्या आत्मविकासाच्या पुष्कळ पुस्तकांत या बाजूकडे दुर्लक्ष झालेले असते, आणि ते अक्षम्य आहे. मुलीला पदोपदी हिणवणाऱ्या घराला काहीच न सांगता तिने आत्मविश्वास वाढवावा असे तिलाच बजावणे, हा न्याय नव्हे.

लहान प्रयत्नाला मान देण्याची दृष्टी मराठी मनाला परकी नाही आणि तिचा फार जुना उच्चार याच जिल्ह्यात झालेला आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, प्रवरेकाठच्या नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली गेली असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब तेथे आजही दाखवला जातो. सहाव्या अध्यायात आपणच आपला उद्धार करावा, आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू असतो, हा गीतेचा विचार येतो. मात्र या लेखाच्या विषयाला अधिक जवळचा भाग बाराव्या अध्यायात आहे. संपूर्ण चित्त ईश्वराला अर्पण करणे ज्याला जमत नाही, त्याला तेथे दोष न देता असे सुचवले आहे की, त्याने आठ प्रहरांतला एक निमिष तरी द्यावा. त्या निमिषात जे सुख लाभेल तेवढी विषयांची गोडी उणी होईल, आणि शरद ऋतू लागताच नदीचे पाणी जसे ओसरत जाते किंवा पौर्णिमेनंतर चंद्रबिंब जसे दिवसेंदिवस घटत जाते, तसे चित्त प्रपंचातून निघत जाईल. अभ्यासाच्या बळावर अशक्य वाटणाऱ्या गोष्टीही साधतात, हे त्यापुढे येते. यातील विषय मोक्षाचा आहे आणि त्याला आधुनिक मानसशास्त्राचे लेबल लावणे योग्य होणार नाही. तथापि जो कमी पडतो त्याच्याकडून थोडेच मागायचे आणि त्या थोड्याला पूर्ण किंमत द्यायची, ही त्यातील शिकवणुकीची रीत आणि जामखेडच्या आठवडी वर्गाची रीत यांत जवळचे नाते दिसते.

आजच्या वाचकाला आत्मनिंदा भेटते ती बहुधा निराळ्या वेशात. अहिल्यानगर शहरातील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी ग्रामीण भागातली शेकडो मुले-मुली बसलेली असतात. आई-वडिलांनी ऊसतोडीच्या किंवा कोरडवाहू शेतीच्या कमाईतून पाठवलेल्या पैशांचे दडपण डोक्यावर असते, जागा थोड्या आणि उमेदवार अमाप असतात, आणि भिंतीवर चिकटवलेल्या वेळापत्रकात पहाटे चारपासून चौदा तास अभ्यास लिहिलेला असतो. हे वेळापत्रक तिसऱ्या दिवशी मोडते, मोडल्याच्या रागात चौथा दिवस जातो, आणि आठवड्याअखेर ‘आपल्यात दमच नाही’ हा निष्कर्ष निघतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकापासून नैराश्यग्रस्तांच्या विचारांतील ज्या ठरावीक चुका नोंदवल्या, त्यांतली ‘सगळे किंवा काहीच नाही’ अशा दोनच कप्प्यांत पाहण्याची चूक ती हीच. चौदा तासांपैकी पाच तास झालेला अभ्यास या मोजणीत शून्य धरला जातो.

स्वतःला फटकारल्याशिवाय माणूस हलत नाही, असा अनेक मराठी घरांतला समज आहे आणि तो लोक मनापासून, मुलाच्या भल्यासाठीच बाळगतात. परंतु कॅलिफोर्नियातील बर्कले येथील जुलियाना ब्रीन्स आणि सेरेना चेन यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलट आढळले: एका चाचणीत कमी पडलेल्या ज्या विद्यार्थ्यांना स्वतःकडे समजुतीने पाहायला सांगितले गेले, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःकडे असे समजुतीने पाहण्याला मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये स्वानुकंपा या अर्थाची संज्ञा दिली आणि तिचे तीन घटक सांगितले. स्वतःशी कठोर न होता मायेने वागणे, चूक ही सर्व माणसांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे हे ओळखणे, आणि दुःखात वाहून न जाता ते जसे आहे तसे पाहणे, असे हे घटक आहेत. अपयशानंतर पुस्तक पुन्हा उघडण्याची भीती कमी होते म्हणून अभ्यास वाढतो, हे त्याचे साधे स्पष्टीकरण असू शकते. ज्या पुस्तकाजवळ जाताच शिव्या खाव्या लागतात, मग त्या स्वतःच्याच का असेनात, त्या पुस्तकापासून मन लांब पळणारच.

पावले लहान ठेवली तर ती पुरेशी कशी ठरणार, ही शंका रास्त आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 व्यक्तींवर बारा आठवडे जो अभ्यास केला, त्यात रोजची एखादी साधी कृती अंगवळणी पडायला मध्यकानुसार 66 दिवस लागतात असे दिसले, पण व्यक्तिगणिक हा काळ गणिती अंदाजानुसार 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. एकवीस दिवसांत सवय लागते या प्रचलित समजुतीने किती जणांना बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवायला लावले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. याच अभ्यासातली आणखी एक नोंद अभ्यासिकेतल्या प्रत्येक टेबलावर चिकटवण्याजोगी आहे: मध्येच एक दिवस चुकला तर सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडत नाही. चुकलेल्या दिवसापेक्षा चुकल्याबद्दलची शिक्षाच अधिक दिवस खाते.

झालेल्या कामाची नोंद का ठेवावी, हेही संशोधनातून सुचते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी 238 कर्मचाऱ्यांच्या सुमारे बारा हजार दैनंदिन नोंदी तपासून 2011 मध्ये असे दाखवले की, माणसाचा दिवस चांगला जाण्याशी सर्वांत जास्त जोडलेली बाब म्हणजे अर्थपूर्ण कामात झालेली प्रगती, आणि ती अगदी लहान असली तरी चालते. यातला ‘अर्थपूर्ण’ हा शब्द निसटू देता कामा नये. मीठ-साखरेच्या पाण्याने लेकरू वाचत होते म्हणून ते पाऊल लहान असूनही हलके नव्हते. स्वतःला खूश करण्यासाठी वहीत मारलेल्या खुणांना तो गुण येत नाही. विद्यार्थ्याने आज इतिहासाचे एक प्रकरण वाचून पुस्तक मिटल्यावर त्यातले पाच मुद्दे न पाहता लिहिले, तर मात्र येतो, कारण कालपर्यंत जे येत नव्हते ते आज येत असल्याचा पुरावा त्याच्या समोर असतो. अशी नोंद एकट्याने वाचण्यापेक्षा आठवड्यातून एकदा दोघा-तिघांनी बसून एकमेकांना वाचून दाखवली, तर जामखेडच्या वर्गातली, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहण्याची दुसरी वाटही खुली होते.

या सर्व विवेचनाला एक मर्यादा आहे. आत्मनिंदा आठवडेच्या आठवडे थांबत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नकोसे होत असेल, तर तो स्वभाव किंवा आळस मानू नये. ते नैराश्याच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही 2022 मध्ये सुरू झालेली दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. नैराश्यावरील उपचारांत कृतिप्रेरण म्हणता येईल अशी एक मान्यताप्राप्त पद्धत आहे, जिच्यात उत्साह येण्याची वाट न पाहता अंघोळ करणे, ओट्यावर येऊन दहा मिनिटे बसणे, शेजारच्या दुकानापर्यंत चालत जाणे, इतक्या साध्या कृतींपासून प्रारंभ केला जातो आणि त्यानंतर मनाला काय वाटले याची नोंद ठेवली जाते. त्या अवस्थेत पहिली पायरी कोणती असावी हे रुग्णाने एकट्याने ठरवायचे नसते. ते उपचार करणाऱ्याबरोबर बसून ठरवले जाते, आणि त्या आठवड्यात ती जमली नाही तर पुढच्या आठवड्यासाठी ती आणखी लहान केली जाते.